लेकरं विचारतात तेव्हा: दहशतवाद, युद्ध आणि आपली उत्तरं (अनुभव धागा)

मी मोर्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली, तेव्हा आमच्या सकाळच्या शाळेचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधीच तिसरी-चौथीची मुलं हातपंपापाशी गोळीबार कसा झाला ते एकमेकांना करून दाखवत होती. घरी त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. सगळं मोबाइलवरून कळलेलं. वर्गात मी विचारलं, "तुम्ही काय काय ऐकलं, ते आधी मला सांगा." पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, ते मोर्शीले येतीन का?"

भिंतीवरच्या नकाशात काश्मीर दाखवलं, मोर्शी दाखवलं. इथे सध्या तशी भीती नाही, हे सांगितलं. "कधीच, कुठेच होणार नाही" असं मात्र म्हणाले नाही. खोटा धीर मुलांना लगेच ओळखू येतो. मग ती आपल्याला विचारायचं सोडतात आणि मोबाइललाच विचारत बसतात.

शहरातल्या आईबापांसाठी या विषयावर बरंच लिहिलं जातं. आपल्याकडे घरात एकच फोन आजीपासून नातवापर्यंत फिरतो. कोणाचा भाऊ सैन्यात, कोणाचा सीआरपीएफमध्ये. गडचिरोलीकडे तर धोका बातमीतून नाही, गावच्या रस्त्यावरून आलेला. म्हणून तुमचे अनुभव हवे आहेत. लेकराने नेमकं काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, कुठे थांबलात? वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा. मुलांची नावं नकोत.

लोणार तालुका, आई

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यात आमच्या बुलडाणा जिल्ह्यातले दोघे होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि आमच्याच तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. अंत्यसंस्काराला गावोगावचे लोक गेले, आम्हीही गेलो. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. गर्दीत एक बाई आपल्या लेकराला सांगत होत्या, "काका झोपले." परत येताना माझ्या मुलीने विचारलं, "झोपले तं उठवत काऊन नाही?"

यांनी गाडी बाजूला घेतली. मी सांगितलं, "झोपले नाहीत, मेले. मोठा स्फोट झाला. माणूस मेला की परत उठत नाही. पण आता त्यांना दुखतही नाही." ती रडली, मी पण रडले. आमच्याकडे "देवाघरी गेले" असंच म्हणतात आणि आम्हीही नंतर तसं म्हटलं. पण मेले हे तिला आधी कळलं होतं. रात्री ती नेहमीसारखी झोपली. झोपेचीच भीती बसली असती, तर काय केलं असतं मी?

बार्शीटाकळी तालुका, आजोबा

माहा पोरगा फौजेत हाय. ७ मे २०२५ ले ऑपरेशन सिंदूर झालं तवा तो जम्मूकडं होता. नातू नऊ वर्साचा. सून घरी टीव्ही लावू देये ना, तं पोट्टं शेजारी जाऊन पाहून ये. एक दिवस मले म्हणे, "आबा, बाबाले काही होनार नाही असं वचन द्या."

आता ते माह्या हातात हाय का? मी म्हटलं, "वचन नाही देता येत बेटा. मले जे ठाव हाय ते सांगतो. तुह्या बाबासंगं पुरी पलटन हाय, त्याले शिकवलेलं हाय, अन् तो सोताले जपते." मंग आमी दोघायनं एक ठरवलं. फोन नाही आला तं त्याचा अर्थ फोन लागत नाही, एवढाच. काही झालंच तं ते टीव्हीवाला नाही सांगनार, फौजेकडून घरी निरोप येते. अन् तसा निरोप आला तं मी तुह्यापासून लपवनार नाही.

त्यानं लय येळ माह्याकडं पाह्यलं. मंग खेलाले गेला. त्या दिवसापासून शेजारी टीव्ही पाहाले जानं त्यानं सोतानंच सोडलं. १० मे ले लढाई थांबली. बापाचा फोन आला तवा नातवानं पयले काय इचारलं? तिकडं आंबे खायाले भेटते का!

कुरखेडा तालुका, आश्रमशाळेतील शिक्षिका

१ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी पेरलेल्या भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. आमच्या मुलांचा तो रोजचा रस्ता. सुट्टीनंतर शाळा उघडली तरी काही मुलं एसटीत बसायला तयार नव्हती. "गाडी उडते," म्हणायची. त्यांना "इथे काही होत नाही" हे कसं सांगणार? झालं होतं ना! म्हणून जे होतं ते सांगितलं. सुरुंग कोणाच्या गाडीसाठी लावला होता, पोलीस रस्ता कसा तपासतात. आणि एक नियम पाठ करून घेतला: कडेला वायर, डबा किंवा नवी उकरलेली माती दिसली तर हात लावायचा नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं, मोठ्यांना सांगायचं. करण्यासारखं काही हाती आलं की मुलांची भीती आवरते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

खरा अवघड प्रश्न पुढचा. वर्गात पोलिसांची मुलं असतात, आणि ज्याचा काका जंगलात, नक्षलवाद्यांकडे, गेला असंही एखादं असतं. "मॅडम, चांगले कोण?" माणसं मारायला रस्त्यात सुरुंग पेरणं चूक, हे मी स्पष्ट सांगते. त्यात आडपडदा नाही. पण काका गेला म्हणून पुतण्या दोषी होत नाही, हेही त्याच दमात सांगते, कारण मधल्या सुट्टीत त्याला खेळायला घेतील की नाही, हे त्यावर ठरतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. तेव्हा एकाने हळूच विचारलं, "आता काका येतील?" मला माहीत नव्हतं. माहीत नाही, असंच म्हणाले.

आर्णी तालुका, आई

मुलगी पाच वर्षांची आहे. काहीच विचारत नाही, पण टीव्हीवर ते सगळं पाहिल्यापासून अंथरूण ओलं करते. इतक्या लहान लेकराला किती सांगावं?

तिवसा तालुका, आशा सेविका

ताई, आधी तिच्याकडून काढा. चित्र काढायला द्या, बाहुल्यांशी खेळताना काय बोलते ते ऐका. मग दोन वाक्यं पुरतात: "दूर एका गावी काही लोकांनी माणसांना मारलं. तू इथे आमच्याजवळ आहेस." ओल्या अंथरुणावरून रागावू नका, सासूबाईंनाही रागावू देऊ नका. ती जागी असेपर्यंत बातम्या बंद. जेवण, झोप, खेळ सगळं रोजच्या वेळेला. दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा, लघवीचा संसर्गही असू शकतो. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारने सुरू केलेल्या फोनसेवेचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. लाजू नका.

देवळी तालुका, शेतकरी

मे २०१६ च्या शेवटी पुलगावच्या दारूगोळा भांडारात मध्यरात्री आग लागली. घरं हादरली. आम्ही लेकरं उचलून अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. त्यामुळे मे २०२५ मध्ये लढाई सुरू झाली म्हटल्यावर माझ्या मोठ्याला भेव वाटणं साहजिकच होतं. त्यात फोनवर आगीचे, विमानं पडल्याचे व्हिडिओ. त्याच्याजवळ बसलो. प्रत्येक व्हिडिओला तीन प्रश्न विचारायचे ठरलं: कुठला, कधीचा, कोणी टाकला? एक तर गेममधला निघाला. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकवर खोटे व्हिडिओ रोज सांगत होते, ते वाचायला शिकवलं. आता तोच त्याच्या आजीला अडवतो, "थांब आजी, पुढं पाठवू नको."

दिग्रस तालुका, आई

आम्ही मुसलमान आहोत. पहलगामनंतर माझा मुलगा क्रिकेट अर्धवट सोडून घरी आला. एका मुलाने म्हटलं होतं, "तू पाकिस्तानकडून खेळ." तो अकरा वर्षांचा आहे. मला म्हणाला, "अम्मी, त्यांनी आपल्या धर्माचं नाव घेऊन मारलं का?"

हो म्हणाले. धर्म विचारून मारलं, हे मी लपवलं नाही. बाहेर कोणीतरी सांगणारच होतं, आणि मग त्याला वाटलं असतं की अम्मीलाही याची शरम आहे, म्हणून ती बोलत नाही. मी म्हणाले, "त्यांनी निरपराध माणसं मारली. तो गुनाह आहे. त्यांचा गुनाह तुझा नाही." मग सय्यद आदिल हुसेन शाहबद्दल सांगितलं. तिथे पर्यटकांना घोड्यावरून नेणारा माणूस, त्यांना वाचवायला गेला आणि स्वतः मारला गेला. "त्याचं पण नाव आपल्यासारखंच आहे," मुलगा म्हणाला. मग खूप वेळ प्रश्न विचारत राहिला. घोडा कुठे गेला, त्याच्या घरी कोण आहे.

संध्याकाळी त्या दुसऱ्या मुलाची आई आली, मुलाला घेऊन. मी बोलावलं नव्हतं. तिने त्याला माफी मागायला लावली नाही. "तू काय म्हटलं आणि कोणाकडून ऐकलं, ते काकूंना सांग," एवढंच म्हणाली. त्याने सांगितलं, एका ग्रुपवर ऐकलं. आम्ही दोघींनी मिळून दोघांना पुन्हा तीच गोष्ट सांगितली. २६ माणसांची, आणि आदिलचीही. दोघांनी एका घरात बसून एकच गोष्ट ऐकली, याने फार फरक पडला.

उमरेड तालुका, परिचारिका

२६ नोव्हेंबर २००८ ला मी दुसरीत होते. २९ तारखेपर्यंत घरात टीव्ही चालूच. ताजमधून निघणारा धूर पुन्हा पुन्हा दाखवत. मला वाटायचं, दर वेळी नवं हॉटेल पेटतंय. लहान आहे, हिला काय समजतं, म्हणून कोणी बोललं नाही. तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबला धरून ठेवलं, हे मला पाचवीत सरांनी सांगितलं. मधली तीन वर्षं माझ्या डोक्यात फक्त धूर होता.

मोर्शी तालुका, शिक्षिका

दिग्रसच्या ताई, तुमचा अनुभव सोमवारी सातवीच्या वर्गात वाचून दाखवू का? नाव-गाव काढून टाकीन.

दिग्रस तालुका, आई

वाचा ताई. गाव काढा, आदिलचं नाव राहू द्या. आणि मुलांनी काय विचारलं, ते इथे लिहा.