कांट डोक्यावरून जातोय, निबंध रखडलाय

प्रश्न: जर्मन तत्त्वज्ञ कांटचं ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ वाचतोय. पान संपतं, हाती काही लागत नाही. निबंध रोज उद्यावर. काय करू?

उत्तर: आधी त्याचंच ‘प्रोलेगोमेना’ (१७८३) घ्या, बरंच आटोपशीर आहे. ‘क्रिटिक’च्या समासातला ‘ए’ म्हणजे १७८१ची आवृत्ती, ‘बी’ म्हणजे १७८७ची. संदर्भ देताना ‘ए’, ‘बी’सोबतचे पानांचे आकडेच वापरा.

उत्तर: एका बैठकीत दोनच पानं. प्रत्येक परिच्छेदाशेजारी लिहा: दावा, कारण की विरोधकाचं मत? घोळ तिसऱ्यात होतो. खोडायला घेतलेलं मतच लेखकाचं समजलं जातं, मग पुढचं सगळं विसंगत वाटतं.

उत्तर: सगळं समजल्यावर लिहायचं म्हणाल तर झालंच! अडलेलं एक वाक्य घ्या, त्याचे दोन अर्थ लावा, कुठला टिकतो आणि का, ते १५० शब्दांत मांडा. प्रस्तावना शेवटी.