मामी केसपेपर काढायला गेली तेव्हा

"मुलं मोबाइलमुळे बिघडतात" असं अनेक जण म्हणतात, ते मला अर्धवट वाटतं. घरात कुणी मोकळेपणी बोलत नाही, ही खरी अडचण आहे. मी ग्रामीण रुग्णालयाच्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींच्या सल्ला केंद्रात, समुपदेशक आहे. मागे १६ वर्षांची एक मुलगी मामीबरोबर आली. पाळी कधी चुकली, हे मी विचारत होते मुलीला आणि उत्तरं देत होती मामी. मुलगी नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. मामीला केसपेपर काढायला पाठवलं, तेव्हा कुठे ती बोलली, "ताई, घरी कळलं तर शाळा सोडवून लग्न लावतील."

या भीतीपोटीच मुली मेडिकलमधून कुणाकरवी तरी गर्भपाताच्या गोळ्या मागवतात आणि दवाखान्यात फार उशिरा येतात. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, डॉक्टरांना पोलिसांत कळवावं लागतं, एवढं त्यांच्या कानावर असतं. पण गर्भपाताच्या वेळी मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. हे मात्र आयांनाही माहीत नसतं. कृपया घरोघरी सांगा.

आणि मुलग्यांशी तर घरात कुणी चकार शब्द बोलत नाही. त्यांचं सगळं शिक्षण कट्ट्यावरच होतं.