पहिलं गिऱ्हाईक आई नको! मुलांच्या पहिल्यावहिल्या धंद्याचे अनुभव

माझ्या १५ वर्षांच्या लेकीने परवा जेवता जेवता जाहीर केलं, की ती हाताने शिवलेल्या वह्या विकणार आहे. तिचे बाबा म्हणाले, "परीक्षेचं काय?" आजी म्हणाली, "कोण घेणार?" मला दोघांचाही राग आला आणि उत्साहाच्या भरात मी म्हटलं, "पहिल्या दहा वह्या माझ्या!" वाटलं, पोरगी खूश होईल. ती म्हणाली, "आई, तू नको ना. तू काहीही घेशील."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. विचार केल्यावर लक्षात आलं, की तिघांत कामाचा प्रश्न फक्त आजीने विचारला होता आणि मी तो उडवून लावला होता.

म्हणून हा धागा. इंग्वार काम्प्राडने १९४३ मध्ये, १७व्या वर्षी आयकिया (आज फर्निचरसाठी ओळखली जाते ती कंपनी) काढली. मायकेल डेलने १९८४ मध्ये कॉलेजच्या हॉस्टेलातल्या खोलीतून संगणक विकायला सुरुवात केली. हे सगळं आपल्याला पाठ आहे. काम्प्राडला सुरुवातीचे पैसे वडिलांनी अभ्यासाचं बक्षीस म्हणून दिले होते म्हणतात. मला खरं तर त्या वडिलांबद्दल वाचायचंय.

तेव्हा यशोगाथा नकोत. तुमच्या घरात, वर्गात किंवा तुम्ही स्वतः त्या वयात केलेल्या धंद्याबद्दल लिहा. मोठ्यांनी काय केलं आणि काय करायला नको होतं, ते लिहा. फसलेले अनुभव आधी.

एक बाबा

फसलेलं मागितलंत म्हणून हिंमत करतो.

मुलगा तेव्हा १४ वर्षांचा. सायकल दुरुस्तीत हात चांगला होता. पंक्चर, ब्रेक, चेन, सगळं करायचा. स्वतः पत्रकं लिहिली, घरोघरी वाटली. पहिला आठवडाभर कुणी फिरकलं नाही. रोज संध्याकाळी पान्यांचा डबा, पंप आणि पाण्याचं टब मांडून बसायचा आणि अंधार पडला की उचलून आत आणायचा. मला बघवेना. मी तीन ओळखीच्यांना गुपचूप पैसे दिले आणि त्यांच्या सायकली पाठवायला सांगितलं.

मुलगा हवेत. त्या भरात साठवलेल्या पैशांतून दुरुस्तीचा स्टँडही घेतला. महिन्याभराने त्या तिघांपैकी एकाच्या मुलाशी त्याचं कशावरून तरी वाजलं आणि त्या पोराने सगळं बाहेर काढलं. "तुझ्या बाबांनीच पैसे दिलेत."

तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने सामान आवरलं, डबा माळ्यावर टाकला. मी खूप खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाला, "मग माझे ब्रेक नीट लागले होते की नव्हते, हे मला कसं कळणार?"

आणि गंमत बघा, पहिल्या आठवड्यात कुणी का आलं नाही, याचं कारण मला नंतर एका शेजाऱ्याशी बोलताना सहज कळलं. सायकल परत कधी मिळणार, हे पत्रकावर लिहिलंच नव्हतं. लोकांना सकाळी कामावर जायला सायकल लागते, ती रात्रभर कोण सोडेल? त्याने अजून चार दिवस बसून, चार लोकांना विचारून हे स्वतःच शोधलं असतं. मला ते चार दिवस निघाले नाहीत.

डबा अजून माळ्यावर आहे.

धागाकर्ती

दादा, पोटात गोळा आला वाचून. माझी दहा वह्यांची ऑर्डर मी रद्द केलीय.

एक शिक्षिका

आमच्याकडे दर वर्षी मुलांचा विक्रीचा दिवस असायचा. वस्तू पालक करणार, विकत पालकच घेणार, मुलं फक्त गल्ल्यावर बसणार. मग आम्ही फोटो काढणार. अनेक वर्षं हेच चाललं आणि त्यात मीही होते.

मग ज्युनिअर अचीव्हमेंटबद्दल वाचलं. १९१९ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला सुरू झालेली ही संस्था आहे. त्यांच्या उपक्रमात मुलं छोटीशी कंपनी काढतात, शेअर विकून भांडवल उभं करतात, माल करून विकतात आणि शेवटी कंपनी रीतसर गुंडाळतात. देणी भागवायची आणि उरलं तर भागधारकांना वाटायचं. मला यातलं गुंडाळणं फार आवडलं. धंदा बंद करणं म्हणजे हरणं, ही भीती मुलांच्या मनात आपणच घालतो. तिथे ते वेळापत्रकातच असतं.

मी आमचा कार्यक्रम बदलला. भांडवल शाळेकडून उसनं आणि तेही परत करायचं. नातेवाईक गिऱ्हाईक म्हणून चालणार नाहीत. दहाव्या आठवड्यात दुकान बंद. पहिल्याच वर्षी पालकांच्या तक्रारी आल्या, मुलं रडतायत म्हणून. रडत होतीच. मी म्हटलं, रडू देत.

पण एक कबुली द्यायचीय, कारण वरचा अनुभव वाचून सगळे "हात लावू नका" म्हणतील. चार मुलींचा एक गट होता. दोघी कागद कापून भेटकार्डं करायच्या, एक विकायची आणि चौथी नुसतीच 'सीईओ' होती. तिसऱ्या आठवड्यात तिघींनी तिला सगळ्यांसमोर काढून टाकलं. ती माझ्याकडे आली, तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "तुमचं तुम्ही सोडवा." तेरा वर्षांची मुलगी. ती पुढे वर्षभर मधल्या सुट्टीत एकटी बसायची. ती चूक त्या मुलींची नव्हती. भागीदारी कशी मोडायची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता पहिल्या दिवशी एक कागद भरून घेते. कोण काय करणार, नफा कसा वाटणार आणि मध्येच कुणी बाहेर पडलं तर त्याला काय मिळणार. मुलांना तिसरा प्रश्न अशुभ वाटतो. मी तोच आधी भरायला लावते.

हिशेब लिहिणारी मावशी

मी पोटापाण्यासाठी लोकांच्या चोपड्या लिहिते, तेव्हा माझ्याकडे दुसरं काय असणार?

भाची १६ वर्षांची, कापडी पिशव्या शिवून विकायची. "मावशी, भरपूर नफा होतोय." म्हटलं, वही आण. वही नव्हती. हिशेब डोक्यात होता आणि डोक्यात हिशेब नेहमी फायद्याचाच असतो. मग बसलो दोघी. कापड आईच्या कपाटातलं, मशीन आजीचं, वीज बाबांची. हे सगळं तिने शून्य धरलं होतं. तिच्या वेळेचं तर काहीच धरलं नव्हतं. एका पिशवीला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजलं. तासाला अगदी मामुली मजुरी धरली, तरी प्रत्येक पिशवी तोट्यात निघाली.

ती चिडली. मला म्हणाली, "तू सगळ्याची मजा घालवतेस." दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. निम्मा वेळ चेन लावण्यात जातो, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने चेन काढून बटण लावलं. काही गिऱ्हाइकं कुरकुरली, दोघीतिघी तुटल्याही. चेनवाली पिशवी मात्र तिने परत शिवली नाही.

मदत घेऊ नये असं मी म्हणत नाही. चेस्टर ग्रीनवुड या अमेरिकन पोराचं उदाहरण मी नेहमी देते. १८७३ मध्ये, १५ वर्षांचा असताना, बर्फात कान गारठतात म्हणून त्याने कान झाकायची तारेची पट्टी केली. तारेवर फर शिवून दिली आजीने. १८७७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. कल्पना त्याची, शिवण आजीची. फक्त माझ्या हाताखालचा असता, तर आजीचे दोन तास मी वहीत चढवायला लावले असते. द्यायचे नसले तरी.

आणि एक. साराह सारस्वती नव्हे, सरस सरस्वती या अभ्यासक बाईंनी (नाव लिहिताना मी दर वेळी चुकते) २००१ मध्ये मांडलेला एक विचार मला पटतो. मुरलेले उद्योजक 'किती मिळेल' यापेक्षा 'किती बुडालं तरी चालेल' हे आधी ठरवतात. पोरांना मी हाच आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. तो आकडा त्यांच्या स्वतःच्या पैशांतला हवा.

एक शंकेखोर

सगळं छान आहे, पण घाई कशाला? अमेरिकेतल्या जनगणनेच्या आकडेवारीवरून अझुले, जोन्स, किम आणि मिरांडा यांनी केलेला अभ्यास सांगतो, की सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं वय कंपनी काढताना सरासरी ४५ होतं. काम्प्राड आणि डेल अपवाद आहेत म्हणूनच बातमीत आहेत. पोरांना गणित शिकू द्या, मित्र करू द्या.

शिक्षिका

आकड्यावर वाद नाही. पण आम्ही तेराव्या वर्षी चित्र काढायला शिकवतो ते चित्रकार घडवायला नाही. नकार ऐकायची सवय पंचेचाळिसाव्या वर्षी लावायला घेतली तर फार महाग पडते.

नाव नको

मी १३व्या वर्षापासून विकतोय. वडील अंथरुणाला खिळले, म्हणून शाळा सुटली की रस्त्यावर उभा राहायचो. हातरुमाल, कंगवे, पेनं. काय विकलं जाईल ते आदल्या दिवशी कळत नसे. आज माझा स्वतःचा व्यवसाय आहे आणि कार्यक्रमांत लोक मला बोलावतात, "लहानपणापासून उद्योजक" म्हणून. मी जातो, हसतो आणि परत येतो.

तेव्हा मी उद्योजक नव्हतो. मला 'नको' म्हणता येत नव्हतं. नववीत नापास झालो, कारण परीक्षेच्या आदल्या रात्रीही माल खपला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ३२वं कलम आहे. शिक्षणाच्या आड येईल अशा कामापासून मुलाला संरक्षण मिळायला हवं, असं ते सांगतं. मला ते चाळिशीत वाचायला मिळालं.

माझी मुलगी आता १४ वर्षांची आहे, तिला काहीतरी विकायचंय. मी तिला एकच गोष्ट दिलीय. वाटेल त्या दिवशी बंद करायची मुभा. तिच्या आईला वाटतं, त्याने चिकाटी येणार नाही. वाटू दे.

एक आई

थोडक्यात लिहिते, कारण अजून राग येतो. मुलगा १६ वर्षांचा. 'तरुण करोडपती' छापाचा एक ऑनलाइन कोर्स घेतला, साठवलेले सगळे पैसे घालून. आत शिकवलं काय? तोच कोर्स मित्रांना विकायला. चार मित्रांनी घेतला, आता त्यातला एकही बोलत नाही. पोरांना धंदा कर म्हणताना हेही सांगा, की माल काय आहे ते एका वाक्यात सांगता येत नसेल, तर माल बहुधा तूच आहेस.

कायदा पाहणारा एक वाचक

एक रुक्ष मुद्दा. बहुतेक देशांत १८ वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार तिच्यावर पूर्णपणे बंधनकारक नसतो. त्यामुळे घाऊक व्यापारी, बँका, ऑनलाइन विक्रीच्या जागा पालकाची सही मागतात. ती सही करताना देणं तुमच्या डोक्यावर येतं. म्हणून उधारीचा माल नको. रोख घ्या, कमी घ्या. खात्यात तुमचं नाव राहू द्या, पण व्यवहार पोराला बघू द्या.

मी १७ वर्षांचा

मोठ्यांच्या धाग्यात लिहितोय, चालेल ना?

दीड वर्ष टी-शर्टवर छपाई करतोय. छपाईची जाळी, म्हणजे स्क्रीन, मी स्वतः बनवतो, रंग आणि कोरे टी-शर्ट घाऊक आणतो. पहिली ऑर्डर मित्राच्या मित्राच्या संघाची, २२ नगांची. सात टी-शर्टवर रंग पसरला, कारण नीट वाळवायच्या आधीच मी घड्या घातल्या. बाबा म्हणाले, "मी बोलू का त्यांच्याशी?" मी नको म्हटलं. जाऊन सांगितलं, सात पुन्हा करून देतो. त्यांचा कॅप्टन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता, आणि मला इतकं बोलला की परत येताना सायकल चालवता येत नव्हती. पण सात टी-शर्ट बदलून दिले. पुढच्या मोसमात त्यांनी परत ऑर्डर दिली. तो कॅप्टन अजूनही सरळ बोलत नाही.

आता बंद करतोय. पुढच्या वर्षी बाहेर शिकायला जायचंय आणि खोलीत रंगाचा वास येतो म्हणून बहीण वैतागलीय. घरच्यांना वाटतं मी हरलो. मला तसं वाटत नाही, पण सांगता येत नाही. एक विचारायचं होतं. ३१ कोरे टी-शर्ट उरलेत, बहुतेक एक्स्ट्रा लार्ज, कारण सुरुवातीला मला वाटायचं सगळे मोठेच घालतात. शिवाय स्क्रीन, रंग, लाकडी चौकटी. एक मुलगा म्हणतो, "मला सगळं असंच देऊन टाक, मी चालवतो." देऊ का?

हिशेब लिहिणारी मावशी

असंच मुळीच देऊ नकोस. आधी यादी कर. प्रत्येक वस्तूपुढे कधी घेतली, कितीला घेतली आणि आज कुणी किती देईल ते लिही. गिऱ्हाइकांची नावं आणि कुणाला काय लागतं हेही लिही, त्याची वेगळी किंमत असते. मग त्याच्याशी बोल. हप्त्याने दिले तरी चालेल, पण कागद कर.

मी १७ वर्षांचा

गिऱ्हाइकांच्या यादीची पण किंमत असते?

हिशेब लिहिणारी मावशी

सगळ्यात जास्त. त्या कॅप्टनचं नाव वर घाल.