अभयारण्य आहे, मग गिबनला धोका कसला?

अभयारण्य झालं की गिबन, म्हणजे माकडासारखा दिसणारा बिनशेपटीचा प्राणी, वाचला असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटलं. आसाममधल्या जोरहाटजवळच्या होल्लोंगापार जंगलाला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला खरा, पण त्याच्या पोटातून रेल्वेचा रूळ जातो. आपल्या सोलापूरकडची वानरं रूळ पायी ओलांडून खुशाल शेतात उतरतात. होल्लोंगापारचा हूलॉक जातीचा गिबन मात्र सहसा जमिनीवर येतच नाही, हातांनी झोके घेत झाडावरून झाडावर जातो. मध्ये मोकळी पट्टी आली की त्याची वाट खुंटली.

तिथे एक तांबूस मादी पाहिली. पिल्लू पोटाशी, एका हाताने लोंबकळत पलीकडे बघत होती. पुढचं झाड टप्प्यात नव्हतं, तशीच मागे फिरली. फार वाईट वाटलं. रुळाच्या दोन्हीकडच्या फांद्या वरती एकमेकींना भिडू देणं, यासाठी आग्रह धरायला हवा.