पट वीसपेक्षा कमी असलेली शाळा: अनुदान, शिक्षक आणि समायोजन

प्रश्न (पालक-सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती)

नमस्कार. आमच्या वाडीतील जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेचा पट यंदा १७ आहे. समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मंजूर होते आणि त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती व स्वच्छतागृहाची साफसफाई भागवावी लागते. बिल थकल्याने वीज तोडली गेली असून लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही चादरीखाली झाकून ठेवला आहे. एका गुरुजींची बदली झाल्यापासून चारही इयत्ता एकाच खोलीत बसतात आणि बाई तालुक्याला बैठकीस गेल्या की त्या दिवशी शिकवणे होत नाही. आता चार किलोमीटरवरील शाळेत समायोजन करण्याची, म्हणजे मुले तिकडे हलवून आमची शाळा बंद करण्याची, चर्चा सुरू आहे. पट वीसपेक्षा कमी असल्यास शाळा बंद करावी, असे कायद्यात खरेच आहे का? समितीने काय करावे?

उत्तर १ (सेवानिवृत्त केंद्रप्रमुख)

तसे कायद्यात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली राज्याने २०११ मध्ये केलेल्या नियमांत वीस हा आकडा येतो, पण तो एक किलोमीटरच्या आत पहिली ते पाचवीची शाळा उपलब्ध करून देताना ६ ते ११ वयोगटातील किती मुले असावीत यासाठी. सुरू असलेल्या शाळेला कुलूप लावण्याचा निकष म्हणून तो वापरणे मला चुकीचे वाटते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने तोरणमाळ आणि पानशेतच्या धर्तीवर समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या अनेक शाळांतील मुलांना एकत्र आणणाऱ्या मोठ्या शाळांचे, प्रस्ताव मागवले आणि त्यानंतर हा आकडा अधिकच लोकांच्या तोंडी बसला.

शिक्षकांबाबत कायद्याची अनुसूची स्पष्ट आहे: प्राथमिक वर्गांत साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक. पट १७ असला तरी दोनच. २०२४ मध्ये शासनाने लहान शाळांतील एका पदावर सेवानिवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचे धोरण आणले होते, परंतु चार इयत्तांना रोज वाचायला-लिहायला शिकवायचे असेल तर तेथे टिकून राहणारी दोन माणसे लागतात, हे मी अनेक वर्षे शाळाभेटी करताना पाहिले आहे.

उत्तर २ (प्राथमिक शिक्षिका)

अनुदानाची रचनाच लहान शाळेवर अन्याय करते. तीस विद्यार्थ्यांपर्यंत १०,००० आणि ३१ ते १०० पर्यंत २५,००० रुपये, असे टप्पे आहेत. छप्पर मात्र पट पाहून गळत नाही. शिवाय रक्कम पुष्कळदा आर्थिक वर्षाच्या शेवटी येते आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करण्याची घाई होते.

समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही, कारण इयत्तेत एकच मूल असेल तर त्याला सोबत शिकणारे कोणी उरत नाही. परंतु वाहतूक भत्ता प्रति विद्यार्थी वर्षाला जास्तीत जास्त ६,००० रुपये आहे आणि तेवढ्यात पावसाळ्यात डोंगरातून रोज दोन फेऱ्या मारणारी गाडी कोण चालवणार? गाडी बंद पडली की प्रथम मुलींची शाळा सुटते.

उत्तर ३ (वकील)

समितीने शिक्षण हक्क कायद्याचे कलम २२ हाती घ्यावे. शाळा विकास आराखडा समितीनेच तयार करायचा असतो आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानाचा तोच आधार असेल, असे कायदा म्हणतो. बहुतेक ठिकाणी हा आराखडा छापील नमुन्यात भरून फाइलीत पडतो, ही फार मोठी हानी आहे. आपल्या आराखड्यात दुसऱ्या शिक्षकाचे रिक्त पद, थकीत वीजबिलाची रक्कम, दुरुस्तीचा अंदाज आणि प्रस्तावित शाळेपर्यंतचे प्रत्यक्ष चालण्याचे अंतर, मधल्या ओढ्यासह, लिहा. समितीत तीन चतुर्थांश पालक असल्याने ठराव मंजूर होण्यात अडचण येऊ नये. तो ग्रामसभेतही मांडा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. समायोजनाचा लेखी आदेश आलाच, तर उच्च न्यायालयात याच कागदांचा उपयोग होईल. म्हणून आदेशाची वाट न पाहता पुढील बैठकीतच हे काम पूर्ण करावे.