मदत हवी आहे: कंचेभागुबेव (कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा गणित सोडवण्याचा क्रम) मुलांना कसं समजावता?

मुलीला १० − ४ + ३ हे गणित घातलं. तिने कंचेभागुबेवप्रमाणे बेरीज आधी केली: ४ + ३ = ७, मग १० − ७, उत्तर ३. खरं उत्तर ९. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या, डावीकडून सोडवत जायचं, हे तिला पटेना. "पण 'बे' आधी येतो ना!" तिचं काय चुकलं? तो शब्दच दिशाभूल करतो.

पुढे ६ ÷ २(१ + २) वर मीच अडकले. डावीकडून गेलं तर ९. २(१ + २) हे एकच पद मानलं तर १. कॅल्क्युलेटरही वेगवेगळी उत्तरं देतात. अशी मांडणीच संदिग्ध आहे, जादा कंस घालावा, एवढं सांगून थांबायचं का? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.