महात्मा फुले योजना सर्वांना खुली, पण छोट्या हॉस्पिटलांना झेपतंय का?

हॉस्पिटलचा हिशेबनीस: मोफत उपचारांची ही सरकारी योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. पिवळं-केशरी रेशनकार्ड, दीड लाखाचं कवच. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेलं हेच कवच जुलै २०२४ पासून ५ लाखांचं झालं, पांढरं कार्डही आत आलं. पेशंटसाठी उत्तमच. पण काल रोखीने बिल भरणारा आज योजनेत आला. समजा महिन्याला १० लाखांचे क्लेम, म्हणजे उपचारांची बिलं, योजनेकडे जातात आणि पैसे तीन महिन्यांनी येतात. ३० लाख कायम अडकलेले. इम्प्लांटवाला आणि नर्सचा पगार थांबत नाही. मग ‘योजनेचे बेड भरलेत’ हे उत्तर ऐकू येतं. आधी पैसे वेळेवर द्या, मग व्याप्ती वाढवा.

आरोग्यमित्र (हॉस्पिटलमधला योजनेचा मदतनीस): साहेब, सगळा दोष वर ढकलू नका. क्लेम क्वेरीत जातात, म्हणजे त्रुटी काढून अडतात, त्यातले कितीतरी हॉस्पिटलच्या कागदांमुळे. प्लेट बसवल्यानंतरच्या एक्स-रेवर नाव-तारीख नाही, ऑपरेशन नोट्सवर सही नाही, स्टेंटच्या पाकिटावरचा स्टिकर कचऱ्यात. तो एकदा गेला की क्लेम कशावर सिद्ध करणार? दुसरं, आपल्याकडे कन्नड-तेलुगू नावं मराठीत लिहिताना अक्षर बदलतं. रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं. हे भरती होतानाच बघा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. व्याप्ती थांबवली तर भोगणार यंत्रमाग कामगार आणि विडी वळणारी बाई.

सर्जन: कागद चोख असले तरी पॅकेजचा प्रश्न राहतोच. तपासण्या, औषधं, जेवण, इम्प्लांट, घरी गेल्यानंतरचा फॉलोअप, सगळं एका ठरलेल्या रकमेत. साखर वाढलेल्या पेशंटची जखम चिघळली, चार दिवस आयसीयू लागला, की पॅकेज संपतं आणि पेशंटकडे पैसे मागता येत नाहीत, मागूही नयेत. म्हणून गुंतागुंतीची केस सरळ सिव्हिलला पाठवली जाते. तिथला वॉर्ड आधीच भरलेला असतो. पॅकेजचे दर आजाराच्या गुंतागुंतीप्रमाणे हवेत.

हिशेबनीस: स्टिकरचं मान्य. पण आयुष्मानच्या नियमात राज्यातला क्लेम १५ दिवसांत आणि कर्नाटकातल्या विजयपूर-कलबुर्गीकडून येणाऱ्या पेशंटचा ३० दिवसांत चुकता करायचा आहे. आम्ही कागद मुदतीत देतो, तर क्वेरीही एकदाच, सगळ्या त्रुटी एकत्र लिहून यावी. आज एक्स-रे, पंधरवड्याने सही, असं तुकड्यातुकड्याने नको.

आरोग्यमित्र: क्वेरी एकदाच यावी, याला माझा पूर्ण पाठिंबा. तोवर मात्र योजनेच्या पेशंटकडून ‘डिपॉझिट’ घेणं बंद करा, हे आधी तुमच्या काउंटरला सांगा.